नाकाची साक्ष

लालबाग,
१४ सप्टेंबर १९५९

वन्संना राधाचा नमस्कार.

‘वहिनी, माझं नाक चुकत नाही.’ अकरा वर्षांपूर्वी गौरी-विसर्जनाच्या दिवशी तुम्ही आमच्या गॅलरीत उभ्या राहून हे वाक्य बोललात. इतक्या मोठ्यानं, की खालच्या मजल्यावरच्या रमाबाईंची तव्यावरची भाकरी करपली. तुमचे दादा पिऊन आलेत, असं तुमचं नाक म्हणत होतं. मी म्हटलं, नाक एवढं तिखट असेल तर कुठे दवाखान्यात नोकरी धरा. तुम्ही ‘या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही’ म्हणून गिरगावात मावशींकडे गेलात आणि खरोखर दवाखान्यात नोकरी धरलीत. मीही ‘तुमच्या दारचं पाणी पिणार नाही’ म्हटलं होतं, ते पाळते आहे. तुम्ही परळला कामाला येता, मी लालबागला राहते. मधे दहा मिनिटांची वाट, पण आपली दिवाळीची दोन कार्डं तेवढी ती चालतात. मात्र पत्र लिहायचं नाही अशी शपथ कुणीच घेतली नव्हती, हे परवा भांडी घासताना मी नीट आठवून पाहिलं. म्हणून लिहिते.

जाईबाई सांगत होती, तुमच्या इस्पितळात दारूबंदीत धरलेली माणसं आणतात, त्यांची लघवी तपासतात आणि कोण प्यायलाय ते बाटलीवरून सांगतात. ते काम म्हणे तुम्हीच करता. जाईबाई वरळी कोळीवाड्याची. आमच्या चाळीत मासळी देते आणि पुढे तुमच्या नर्सांच्या क्वार्टर्समध्ये जाते, त्यामुळे तिला दोन्हीकडचं सगळं ठाऊक असतं.

दोन महिने झाले. हे गिरणीतली सकाळपाळी करून येतात, जिना चढताना कठडा धरतात आणि तोंडाला वास येतो. आंबलेल्या फळासारखा, गोडसर. हातभट्टीत काय काय घालतात ते लालबागला सांगायला नको. डोळे जड, जीभ कोरडी. अख्खी कळशी एकटे संपवतात. परवा समितीच्या सभेत आमच्या चाळीचं कलापथक होतं. हे मंचावर डफ मांडीवर घेऊन बसले आणि तिथंच झोपले. शामराव आमच्या चाळीतल्या समितीचे चिटणीस. त्यांनी डफ काढून घेतला आणि म्हणाले, ‘सीताराम, महाराष्ट्र मिळेपर्यंत शुद्धीत राहा, मग काय ते कर.’ सगळे हसले. हेही हसले. तेच मला जास्त लागलं.

विचारलं तर म्हणतात, ‘मी पिऊक नाय गो, तुझी शपथ.’ माझीच शपथ का, स्वतःची का नाही?

मी यांना सांगितलं आहे, ज्या दिवशी सिद्ध होईल त्या दिवशी ट्रंक उचलून आचऱ्याला आईकडे जाईन. मी बोललेलं करते हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? चाळीच्या बोलण्यावर घर मोडणार नाही. बाटलीनं सांगितलं तर मोडेन.

बाटली जाईबाईबरोबर देत आहे. विम्याच्या डॉक्टरांनी मागितली, असं यांना सांगितलं. ‘माझ्या मुतात डाक्टराक काय बघूचा हा?’ म्हणाले, पण दिली. बाटली खोबरेल तेलाची होती, सोड्यानं धुतली आहे.

बाकी इकडे काय असणार. पाणी भरून हात दुखतात, आणि मोरीत मुंग्या झाल्यात. हळद टाकली, रॉकेल टाकलं, रांग हलत नाही.

आपली,
राधा


गिरगाव,
१८ सप्टेंबर १९५९

ती. वहिनींस कौसल्येचा नमस्कार.

बाटली पोचली. कशी पोचली ते मात्र जाईबाईनं तुम्हाला सांगितलं नसणार. तिनं ती पापलेटांच्या खाली बर्फात खुपसली होती. नाक्यावर हवालदारानं टोपली उतरवली, बाटली बघितली आणि त्याला वाटलं, आजचं काम झालं. बूच काढून त्यानं नाक आत घातलं. जाईबाई म्हणते, ‘नाक पुसलान. मंग बूच लावलान आनि म्हनला, जा.’ वर तिनंच त्याला विचारलं, चाखून बघायची नाही का. मला बाटली मिळाली तेव्हा तिला बोंबलाचा वास होता, पण बर्फामुळे आतला माल चांगला राहिला होता. तेव्हा तक्रार नाही.

आता काम. लघवी थोडी गरम करून तिच्यात आयोडीन आणि कॉस्टिकचं पाणी घालतात. दारू असली तर तळाशी पिवळी पूड बसते आणि जखमेवरच्या औषधासारखा वास सुटतो. दादाच्या बाटलीत पिवळी पूड बसली. मी दोनदा केलं. दोन्ही वेळा बसली.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगते. काल एकदाच चव घेतली की वीस वर्षांची सवय जडली आहे, ते या पुडीला कळत नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांना नेमकं तेच हवं आहे. ते म्हणतात, रोज पिणाऱ्याच्या अंगात काहीतरी बदलत असणार आणि ते रक्तात नाहीतर लघवीत एक दिवस सापडेल. त्यासाठी ते परमिटवाल्यांच्या बाटल्या जमवतात. दारूवाचून ज्याचं शरीर चालतच नाही, अशाला सरकार परमिट देतं. त्यामुळे एका दारातून धडधाकट माणसं हात थरथरवत येतात आणि म्हणतात, आम्ही पक्के दारुडे, तेवढं लिहून द्या. दुसऱ्या दारातून हवालदार ज्यांना आणतो ते म्हणतात, आम्ही जन्मात शिवलो नाही. दोन दारांतली माणसं अदलाबदल केली तर सगळेच खूश होतील, असं डॉक्टर म्हणतात.

वहिनी, माझं नाक चुकलं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, तेवढंच म्हणते. खरं सांगायचं तर पूड दिसली तेव्हा पंधरा मिनिटं मला आनंद झाला. मग दादाचा चेहरा आठवला आणि चहा तसाच राहिला.

मोरीत फिनेल टाका. मुंग्या जातील.

कौसल्या


लालबाग,
२२ सप्टेंबर १९५९

वन्संना राधाचा नमस्कार.

कागद यांच्यापुढे ठेवला. वाचून म्हणाले, ‘कौशीच्या औषधात खोट आसा.’ मी म्हटलं, खोट औषधात नाही. मग तांब्याभर पाणी प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी खाटेखालून ट्रंक ओढली. कुलूप गंजलं आहे, किल्ली फिरेना. त्यात तेल घालून ठेवलं आहे.

आमच्या भिंती तुम्हाला माहीत आहेत. दुसऱ्या दिवशी शामराव यांना म्हणाले, ‘आता दाखला मिळालाच आहे तर परमिट काढ, चाळीच्या उपयोगी पडेल.’ यांनी नुसती मान हलवली. पूर्वी अशा बोलण्यावर हे तीन बोलणी परत करायचे. दोन माणसांचं जेवतात आणि सदरा खांद्यावरून घसरतो. रमाबाई म्हणतात, दारू अशीच आतून खाते.

यंदा मी नवरात्र कडक धरणार आहे. नुसतं पाणी आणि दिवसातून एकदा कोरा चहा, नऊच्या नऊ दिवस. यांची सुटावी म्हणून. देवीनं ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर ट्रंक आहेच. पण वन्सं, एका बाटलीवर मी जाणार नाही. कोर्टातसुद्धा माणसाला दोनदा विचारतात. घट बसले की दुसरी बाटली पाठवते. ती काय सांगेल ते शेवटचं.

फिनेल टाकलं. मुंग्या फिनेलमधून चालतात.

राधा


गिरगाव,
८ ऑक्टोबर १९५९

ती. वहिनींस नमस्कार.

दुसरी बाटली काल तपासली. कसं लिहावं कळत नाही म्हणून सरळ लिहिते. पिवळी पूड पहिल्यापेक्षा जास्त आहे. नळीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी बसली आणि सगळ्या खोलीत वास भरला. आमचा शिपाई गुणाजी बाहेरून विचारायला आला, कुणाला लागलंय का.

घरात घट बसवलेला, बायको पाण्यावर आणि नवरा याच पाच दिवसांत एवढी पितो, याला मी काय म्हणू? माझा भाऊ आहे म्हणून दुसऱ्या नळीत पुन्हा केलं. आमच्या इथले परमिटवालेसुद्धा याच्यापुढे संन्यासी आहेत.

या वेळी पंधरा मिनिटांचा आनंदही झाला नाही.

वहिनी, आचऱ्याला जाऊ नका. तिथं तुमच्या भावजया दोन दिवसांत ‘कधी जाणार’ विचारतील. गिरगावात या. मावशी गेल्यापासून दुसरी खाट रिकामी आहे. माझ्या दारचं पाणी प्यायचं नसेल तर आपला तांब्या भरून बरोबर आणा.

कौसल्या


लालबाग,
९ ऑक्टोबर १९५९

वन्संना राधाचा कोपरापासून नमस्कार.

ती बाटली माझी होती.

होय, माझी. पाच दिवसांच्या कडक उपासाची, कोऱ्या चहावरची. मला बघायचं होतं, तुमचं औषध माणूस ओळखतं की नाव. तुमच्या मनात अकरा वर्षं यांचं नाव दारुडा म्हणून लिहिलेलं आहे, तर नळीत काहीही घातलं तरी पिवळंच दिसणार, असं माझ्या मनात आलं. म्हणून चिठ्ठीवर यांचं नाव घातलं आणि माल माझा पाठवला. जाईबाईला तेवढं सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘बाय, तू पन पितंस?’ मी म्हटलं, वन्संनाच विचारू.

तर आता सांगा, मी कधीपासून पिते? किती पिते? संन्याशांना मागे टाकलं म्हणता, तर परमिट माझ्या नावानं काढून द्या. शामराव रांगेत पहिले उभे राहतील.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की उपासानं चक्कर आली आणि भिंतीला टेकून बसावं लागलं. ‘काय झाला?’ म्हणून यांनी खाटेवरून विचारलं. मी सांगितलं. हे हसले नाहीत. मग बघितलं तर हसायला त्यांच्यात जोर नव्हता. आज कामावर गेलेले नाहीत. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून परत आले. श्वास मोठा मोठा घेतात, सारखं पाणी मागतात आणि मधेच मला आईच्या नावानं हाक मारतात. घरात मी आहे, दारू नाही, आणि वास सगळ्या खोलीत आहे.

वन्सं, थट्टा संपली. हे काय आहे?

राधा


परळ, दसरा, सकाळी

वहिनी,

तुमचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. ही चिठ्ठी टपालात टाकत नाही, जाईबाईच्या हातात देते आहे. वाचून संपायच्या आत दादाला घेऊन निघा.

तुमची उरलेली बाटली घेऊन मी मोठ्या डॉक्टरांच्या घरी गेले. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही, उभ्यानं विचारलं, ‘ही बाई जेवलेली कधी आहे?’ उपाशी माणसाचं शरीर स्वतःची चरबी जाळतं. त्यातून ॲसिटोन नावाचं द्रव्य निघतं, त्याला आंबलेल्या फळाचा वास असतो. आमच्या पिवळ्या पुडीला ॲसिटोन आणि दारू यांतला फरक कळत नाही. तुमच्या बाटलीत दारू नव्हती, तुमचं नवरात्र होतं.

मग त्यांनी विचारलं, पहिला माणूस उपाशी होता का? मी म्हटलं, नाही, दोघांचं जेवतो, कळशी संपवतो आणि वाळत चाललाय. हे बोलता बोलता मला सगळं दिसलं. रक्तात साखर साठते आणि अंगाला लागत नाही, तेव्हा भरल्या ताटावरसुद्धा शरीर उपाशी असतं. ती साखर लघवीतून वाहून जाते. तुमच्या पहिल्या पत्रात मोरीत मुंग्या होत्या, वहिनी. तुम्ही सगळं लिहिलं होतं. मी त्यावर फिनेल सांगितलं.

टॅक्सी मिळाली तर टॅक्सी, नाहीतर शामरावांना सांगा खांदा द्यायला. जिना चालवत उतरवू नका. सोनं वाटायला थांबू नका. वाटेत कुणी अडवून प्यायलाय म्हणालं तर माझं नाव सांगा.

मी फाटकात उभी आहे.

कौसल्या


लालबाग,
६ नोव्हेंबर १९५९

वन्संना राधाचा नमस्कार.

यांना घरी येऊन आठ दिवस झाले. इस्पितळात अठरा दिवस आपण दोघी खाटेच्या दोन बाजूंना होतो आणि सगळं बोलणं खाटेशी केलं. ‘आज याला पेज द्यायची,’ असं तुम्ही खाटेला सांगायचात. ‘यांना पेज उतरत नाही,’ असं मी खाटेला. शेवटी हेच म्हणाले, ‘माका मधसून काढा आणि बोला काय ता.’ इस्पितळाचा उंबरा ना तुमचा ना माझा, तेव्हा कुणाची शपथ मोडली नाही, हे मी मनाशी तपासून घेतलं आहे.

इन्सुलिनची बाटली तुम्ही सांगितल्याप्रमाणे ओल्या मडक्यात, माठाच्या शेजारी ठेवते. सुई उकळून घेते. पहिल्या दिवशी माझा हात असा थरथरत होता की परमिटवाल्यांनी बघून शिकावं. आता थरथरत नाही. पहिले चार दिवस हे ओरडायच्या आधी मीच ओरडायचे, तेही बंद झालं.

परवा मोरी धुताना बघितलं, मुंग्यांची रांग नव्हती. मी तिथंच ओल्यात बसून रडले. रमाबाई धावत आल्या. मुंग्या गेल्या म्हणून रडते, असं सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

आता एक गोष्ट. ती खाटेला सांगता आली नाही, कारण हे जागे होते.

अकरा वर्षांपूर्वी तुमचं नाक खरं होतं. हे प्यायलेले होते. त्याच्या आधी महिनाभर पीत होते. लग्नाच्या बायकोला वास येणार नाही का? पण तुम्ही ते गॅलरीत बोललात, दहा दारं उघडी असताना. मी ‘होय’ म्हटलं असतं तर हे दहा दारांपुढे दारुडे ठरले असते. एकदा चाळीनं ठरवलं की माणूस मग चाळीला खोटं पाडायचे कष्ट घेत नाही. म्हणून मी तुम्हाला खोटं पाडलं. तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी हे उठले, तुमची वळकटी असायची ती रिकामी जागा त्यांनी बघितली आणि म्हणाले, ‘कौशी खरा बोलली, आणि माझ्यापायी तू तिका घालवलंस.’ त्या दिवसापासून शिवलेले नाहीत.

तुमच्या जाण्यानं त्यांची सुटली, वन्सं. तुम्ही परत आलात तर पुन्हा लागेल, अशी मला भीती वाटायची. वेडी भीती, पण अकरा वर्षं ती मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला सांभाळली. तुम्हाला वाटलं असेल, वहिनीला राग आहे. राग तर पहिल्या दिवाळीलाच संपला होता.

म्हणून यंदा वास आला तेव्हा मी दुसऱ्या कशाचा विचारच केला नाही. मला वाटलं, माझं खोटं आता परत मागायला आलं.

राधा


गिरगाव,
१२ नोव्हेंबर १९५९

ती. वहिनींस नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून रागावायचं ठरवलं होतं, ते तिसऱ्यांदा वाचेपर्यंत राहून गेलं. अकरा वर्षं मी एका वाक्यावर जगले, की मी खरी होते आणि कुणी मानलं नाही. आता कळतं की तुम्ही दोघांनीही पहिल्याच दिवशी मानलं होतं. ते मला सांगितलं नाहीत, त्याचं काय करायचं ते मी हळूहळू बघेन.

माझंही एक आहे. साखर बघायची तर लघवीत निळं औषध घालून उकळायचं असतं. साखर असली तर ते विटेसारखं तांबडं होतं. पाच मिनिटांचं काम. रोज पन्नास बाटल्यांना मी ते करते. दादाच्या बाटलीला केलं नाही. तिला मी एकच प्रश्न विचारला, कारण मला एकच उत्तर हवं होतं. बाटली खोटं बोलली नाही, वहिनी. मी तिला दुसरं काही बोलू दिलं नाही. हे मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी आता आमच्याकडे नियम केला आहे: पिवळी पूड दिसली की आधी साखर बघायची, ॲसिटोन बघायचं, माणूस जेवलाय का ते विचारायचं, आणि मगच दारूचं नाव काढायचं. सोमवारी हवालदारानं एका म्हाताऱ्याला आणलं, तो सोमवारचा उपाशी निघाला. त्याला चहा पाजून घरी पाठवला. तुमची बाटली मी टाकलेली नाही. कपाटात आहे, ‘सीताराम, वय सेहेचाळीस’ या चिठ्ठीसकट. नवीन मुली येतात त्यांना दाखवते. सीतारामचा इतिहास तेवढा सांगत नाही.

सुई टोचायला तुम्ही शिकलात, तेव्हा माझं तिथं काम नाही. येणार नाही. उंबऱ्याची शपथ मी गॅलरीत, दहा दारांपुढे घेतली होती. आणि तुम्हीच म्हणता की तिच्यानं दादाची सुटली. मग ती मोडायची कशी?

पथ्य लिहून देते ते भिंतीला लावा. साखर, गूळ, पेढा, मोदक, खीर, उसाचा रस, काही नाही. सण म्हणून नाही, प्रसाद म्हणून नाही, पाहुण्यांचा मान म्हणून नाही. दादा गोड बोलून मागेल. त्याला सांगा, कौशीला पत्र लिहून विचारा. मी नाही म्हणेन.

कौसल्या


लालबाग,
२५ एप्रिल १९६०

चि. कौशीला दादाचा आशीर्वाद.

राधेच्या ट्रंकेचं कुलूप शेवटी उघडलं. आचऱ्याला जायचं म्हणून तिनं तेल घातलं होतं, ते सात महिन्यांनी मुरलं. आत साड्या नव्हत्या, झाकणाच्या फटीतून सरकवलेली तुझी पत्रं होती, आणि राधेनं तुला लिहिलेल्यांच्या कच्च्या प्रती. सगळी वाचली. माझ्या मुतावर एवढा पत्रव्यवहार झाला आणि मला कुणी एक ओळ लिहू दिली नाही. म्हणून ही माझी.

दुसरी बाटली माझी नव्हती, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. माझ्याकडे कुणी मागितलीच नव्हती. राधा पदराखाली बाटली धरून मोरीतून आली तेव्हा मी खाटेवर डोळे मिटून पडलो होतो. बायको आपल्यासाठी उपाशीही राहते आणि लबाडीही करते, अशा वेळी नवऱ्यानं जागं असू नये.

डफ परत मिळाला. शामराव स्वतः घेऊन आले. माफी मागितली नाही, पण चुलीवर शेकवून, कातडं ताणून, वाजता करून आणला. ‘बघ,’ म्हणाले, ‘बोलतो का.’ बोलला.

येत्या रविवारी, एक मेला, महाराष्ट्र होतो आहे. दुपारी चारला चाळीतून मिरवणूक निघेल, पुढं डफ माझा. समितीतर्फे शामराव घरटी एक पेढा वाटणार आहेत. आमच्या घरचा पेढा राधा खाणार नाही. म्हणते, ‘तुम्ही नाय तर मी पण नाय.’ म्हणजे राज्य आलं त्या दिवशी आमच्या घरचा पेढा वाया. चार वर्षं घसा सुकवला, फाउंटनला लाठ्या चुकवल्या, एक चुकली नाही, आणि त्याचं फळ म्हणून तोंडात काय, तर दुधी भोपळा. भिंतीवर तुझं पथ्य आहे. मी रोज वाचतो. त्यात सण लिहिलाय, प्रसाद लिहिलाय, पाहुणा लिहिलाय. नवीन राज्य लिहिलेलं नाही. राधा म्हणाली, मग कौशीला विचारा. म्हणून विचारतो आहे.

आणखी एक. आमच्या उंबऱ्याला वाळवी लागली होती. काल सुतार बोलावून काढून टाकला. सुताराला वाळवी दिसत नव्हती, मी दाखवली. नवीन उंबरा मेच्या दुसऱ्या आठवड्यात बसेल, तोवर आमच्या दाराला नुसती जमीन आहे. तू शपथ उंबऱ्याची घेतली होतीस. जमिनीचं तुझं काही म्हणणं नव्हतं. तुझ्या जाण्यानं माझी सुटली, असं राधा म्हणते. ती मीच सोडली होती गो, तुझी वळकटीची जागा बघवेना म्हणून. ती जागा अजून तशीच आहे, आता तिथं ट्रंक ठेवतो. ट्रंक हलवता येते.

राधेची शपथ तिनंच सोडवली आहे. तुझ्या दारचं पाणी ती पिणार नाही, पण तू येताना बाटलीतून आणलंस तर ते दारचं राहत नाही, म्हणते. बाटली कुठली आणतेस ते मात्र बघून आण.

तर पेढा देवापुढे ताटलीत ठेवतो. ताटली पाण्याच्या परातीत, मुंग्या लागू नयेत म्हणून. चार वाजेपर्यंत त्याला मी हात लावणार नाही, राधा लावणार नाही. तू तुझं नाक घेऊन ये, तुझं निळं औषध घेऊन ये, आणि तुझ्या हातानं त्यातला नखाएवढा तुकडा माझ्या जिभेवर ठेव. बाकीचा तुम्ही दोघी खा. तू नाही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. पण या वेळी पत्रानं म्हणू नकोस. गॅलरीत उभी राहून, दहा दारांपुढे म्हण.

तुझा,
दादा